कुडपणच्या चढावर जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाडीबाबत

तक्रारदार : मी स्वतः. वय पन्नाशी ओलांडलेले, धंदा अर्जलेखन, राहणार महाड.

सामनेवाला : आरंभी एक पेट्रोल पंप. पुढे सामनेवाला बदलत गेला. तो का बदलला, हे मजकुरात येईल.

वादविषय : एक पांढरी चारचाकी. मुलगा पहिलीत गेला त्या वर्षी घेतलेली. मुलगा आज मुंबईत नोकरीस आहे आणि गाडी अद्याप माझ्याकडे आहे.

काळ : गणपती विसर्जनापासून दिवाळीनंतरच्या थंडीपर्यंत.

साक्षीदार : एक, माझी पत्नी, माहेर कुडपण, तालुका पोलादपूर. दोन, तिचे वडील, ज्यांना घरात सर्वजण आबा म्हणतात. तीन, आबांच्या खालच्या शेताचा मालक, ज्यास या प्रकरणात आधी संशयिताची आणि मग साक्षीदाराची अशा दोन्ही जागा भूषवाव्या लागल्या.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि पदवीधर माणसेही माझ्या टेबलासमोर उभी राहून "तुम्हीच लिहा, तुमच्या अर्जाला वजन असतं" असे म्हणतात, हे नमूद करणे मी कर्तव्य समजतो. कचेरीच्या कुंपणाबाहेर, पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल आहे. वारसनोंद, वाटणी, बांधाची तक्रार, रस्त्याची मागणी, असे ज्याचे जे दुखणे असेल ते मी सरकारला समजेल अशा भाषेत मांडतो. वारा सुटला की कागद उडतात, म्हणून टेबलावर चार-दोन दगड ठेवलेले असतात. हे दगड वाचकांनी लक्षात ठेवावेत. प्रकरणाच्या शेवटी ते पुन्हा येणार आहेत.

आता मूळ मुद्दा. सासूबाई गेल्यापासून आबा कुडपणला एकटे राहतात. महाडला यायला ते तयार नाहीत. "तुमच्याकडं वारा नाय, झोप लागत नाय," एवढेच त्यांचे कारण. म्हणून दर रविवारी सकाळी मी आणि पत्नी गाडीने निघतो, पोलादपूर मागे टाकून घाटरस्ता धरतो आणि फाट्यावरून कुडपणच्या पठाराकडे चढतो. तेथे पत्नी भाकऱ्या भाजते, आबांची नखे कापते, त्यांचे धोतर धुताना त्यांच्याशी कडाडून भांडते. नाचणीत खडे का राहिले येथपासून सरपंच कोण व्हायला हवा होता येथपर्यंत त्या भांडणाचा विस्तार असतो. संध्याकाळी परत निघताना दोघांचेही चेहरे आंघोळ केल्यासारखे स्वच्छ झालेले असतात. आठवड्यातून एकदा हे भांडण झाले नाही तर पत्नी सोमवारपासून माझ्याशी भांडते. सबब सदर गाडी ही आमच्या घरात चैन नसून गरज आहे.

एकदा टाकी काठोकाठ भरली की चार रविवार सुखाने निघत. विसर्जनानंतर तिसऱ्याच रविवारी काटा खाली टेकू लागला. पुढे तर तिसऱ्या रविवारी परतताना पोलादपूरच्या अलीकडेच तांबडा दिवा लागला, आणि पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी समोर रस्त्याकडे पाहिले.

माझा पहिला संशय पंपावर गेला. संशय आला की मी स्वस्थ बसत नाही, कागद काढतो. "मापात घट असल्याबाबत" असा विषय घालून दीड पानी तक्रार तयार केली. परंतु पुराव्यावाचून तक्रार म्हणजे मीठ नसलेली आमटी, हे मी पक्षकारांना नेहमी सांगत आलो आहे. पंपावर पाच लिटरचे सरकारी शिक्क्याचे माप ठेवलेले असते आणि मागितल्यास ते भरून दाखवावे लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मी ते मागितले. पंपावरच्या माणसाने ते आतून आणून, पुसून माझ्यासमोर ठेवले. मागे रांग वाढली. औद्योगिक वसाहतीतील दुपारच्या पाळीचे मोटारसायकलवाले हॉर्न वाजवू लागले.

"काका, पेट्रोल घेताय का रॉकेल मोजताय?" एकजण मागून ओरडला.

"कायद्याने दिलेला हक्क बजावतो आहे," मी वळून सांगितले.

"बजावा, बजावा! आमची हजेरी पण तुम्हीच लावा मग!"

माप रेषेला अगदी नेमके टेकले. मी वाकून, चष्मा काढून आणि पुन्हा लावून पाहिले. एक थेंब इकडे नव्हता, एक थेंब तिकडे नव्हता. सामनेवाला क्रमांक एक निर्दोष ठरला. मी त्याच्याशी हस्तांदोलन केले आणि तक्रार फाडून टाकली. फाडताना थोडे वाईट वाटले, कारण तिचा दुसरा परिच्छेद चांगला उतरला होता.

त्यानंतर संशय चोरीवर गेला. टाकीच्या झाकणाला कुलूप बसवले. काटा होता तसाच उतरत राहिला. मग गॅरेजमध्ये गेलो. तेथे हवेचा फिल्टर झटकला, प्लग बदलले, चाकांत हवा भरली आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मेस्त्री म्हणाला, "साहेब, म्हातारी झाली. म्हातारपणी तहान जास्त लागायचीच." या निदानाला मी हरकत घेतली, कारण आबा ऐंशीच्या आसपास आहेत आणि जेवताना पाण्याला हातही लावत नाहीत.

याच सुमारास मुंबईहून मुलाचा फोन आला. "पप्पा, भंगारात काढा. किती दिवस त्या डब्याला ओढणार? एक्स्चेंजमध्ये चांगली ऑफर चालू आहे." नवी गाडी घ्यायची म्हणजे हप्ते, आणि हप्ते म्हणजे ती अंगणात झाकून ठेवायची. ती कुडपणच्या खडीवर कोण नेणार? फोन स्पीकरवर होता. पत्नी भाजी निवडत होती. तिने सगळे ऐकले, आणि भाजीकडे पाहतच म्हणाली, "राहू दे. जायचं तेव्हा एसटीनं जाईन. पोलादपूरपासून कुणीतरी भेटेलच."

ती भांडली असती तर मी उत्तर दिले असते. ती भांडली नाही. कुडपणपर्यंत एसटी पोहोचते कधी आणि परत निघते कधी, हे ती लहानपणापासून जाणते. तिच्या "राहू दे"चा अर्थ "महिन्यातून एकदा" असा होता, आणि पावसाळ्यात "नाहीच" असा होता. त्या रात्री जेवताना तिने आबांचा विषय काढला नाही, आणि मला आमटीची चव लागली नाही.

शेवटी असे ठरले की गाडी विकावी, आणि येत्या रविवारी तिनेच जाऊन आबांना परिस्थिती समजावून सांगावी. मी आणखी एक कागद बरोबर घेतला होता, तो आबांच्या कामाचा. गेले काही महिने आबांची एक तक्रार होती. त्यांच्या घरासमोर, रस्त्याला लागून जे शेत आहे, त्याच्या बांधाचे दगड नाहीसे होत होते. दगड थोडेच जायचे, पण एकेक करून सतत जायचे. त्यांचा संशय खालच्या शेताच्या मालकावर होता, कारण त्याने नवा गोठा बांधायला घेतला होता. "त्याच्या गोठ्याच्या जोत्यात माझा बांध चाललाय, जावईबापू. अर्ज घाला," असे ते दर रविवारी म्हणत. मी त्यांना सांगत असे की नाव घालायचे तर पुरावा हवा. अखेर मी "अज्ञात इसमाविरुद्ध" असा मसुदा तयार केला. त्यावर आबांची सही घ्यायची होती.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचा प्रकार समजेल. आबांच्या घरासमोर गाडी उभी राहते ती जागा उताराची आहे. गाडीचा हँडब्रेक ढिला झाला होता, म्हणून पत्नी आधी उतरून चाकामागे दगड लावायची. परत निघताना तो दगड रस्त्यात टाकून जायचा नाही, तिने उचलून डिकीत ठेवायचा, असा माझा कडक नियम होता. याला कारण आहे. बंद पडलेला ट्रक दुरुस्त झाला की कशेडी घाटात काही ट्रकवाले चाकांचे दगड तसेच रस्त्यात टाकून निघून जातात. अशा एका दगडावर कारखान्यातून सुटून येणारा एक मोटारसायकलवाला आपटला होता, आणि त्याचा अर्ज मीच लिहिला होता. तेव्हापासून रस्त्यात दगड सोडणारा माणूस मला सहन होत नाही. विसर्जनाच्या सुमारास मी गॅरेजात हँडब्रेकही चांगला आवळून घेतला होता. त्यानंतर गाडी चढावर अशी निश्चल उभी राहू लागली की मला तिचा अभिमान वाटे. तरीही दगडाचा नियम मी रद्द केला नाही. दुहेरी बंदोबस्त कधीही चांगला.

त्या रविवारी थंडी छान होती. घाटात धुके खाली दरीत बसले होते आणि पठारावर लख्ख ऊन होते. चढ चढताना पत्नी खिडकीतून नाक बाहेर काढून म्हणाली, "अहो, भाकरी करपल्यासारखा वास येतोय."

"तुला भूक लागली आहे," मी म्हणालो. हे विधान मी येथे मागे घेतो.

घरासमोर गाडी थांबली. आबा अंगणात उभे होते. पत्नीने त्यांना फोनवर आधीच सांगून टाकले होते, त्यामुळे माझे भाषण वाया गेले. पत्नी दारात आली की तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि पायावर पाणी घालायचे, ही पद्धत सासूबाई गेल्यावर ते स्वतः पाळतात. त्याप्रमाणे त्यांनी केले. मग तांब्या पुन्हा भरून आणला आणि गाडीकडे चालू लागले.

"आबा, हे काय?" पत्नीने विचारले.

"इतकी वर्सं माझी लेक आणून घातली हिनं. बैल इकायच्या आदी त्याच्या खुरावर पाणी घालतो आपण. हिच्या चाकावर नको घालायला?"

पत्नीने पदर डोळ्याला लावला. आबांनी पुढच्या डाव्या चाकावर पाणी घातले, मग उजव्या. नंतर मागे गेले आणि मागच्या चाकावर धार धरली.

चुर्रर्र! तव्यावर पाणी पडावे तसा आवाज झाला आणि चाकातून वाफ उठली. आबा तांब्यासकट दोन पावले मागे सरले.

"जावईबापू! हिला ताप आलाय!"

दुसऱ्या मागच्या चाकावर पाणी घातले, तेही तसेच फणफणले. पुढची दोन्ही चाके मात्र थंड. आवाज ऐकून खालच्या शेताचा मालक, म्हणजे साक्षीदार क्रमांक तीन, बांधावरून वर आला. आबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याने तिकडे लक्ष न देता चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"पावनं, हँडब्रेक लावलाय काय?"

"येताना खालीच होता," मी म्हणालो. आणि पुन्हा खाली करून दाखवलाही.

"मग ढकला बघू जरा."

चाकामागचा दगड काढून, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून आम्ही तिघांनी तिला उताराकडे ढकलले. आबांनी रागाच्या भरातही खांदा लावला. वास्तविक त्या उतारावर गाडीने आपण होऊन धावायला हवे होते. ती जागची हलली नाही. ज्या निश्चलतेचा मी अभिमान बाळगला होता, तिचा खरा अर्थ त्या क्षणी माझ्या ध्यानात आला. दांडा खाली केला तरी ब्रेक सुटत नव्हता. महाडपासून कुडपणपर्यंत आणि परत, दर रविवारी, गाडी अर्धवट ब्रेक लावून चालत होती.

"बैलाच्या मानेवरनं जू काढलं नाय आणि म्हनतायत म्हातारा झाला," आबा म्हणाले. हे वाक्य ते पुढे अनेकदा, अनेकांसमोर, म्हणणार होते.

"नट ढिला कराया पाना लागंल," साक्षीदार क्रमांक तीन म्हणाला. "डिकी उघडा."

हत्यारांची पिशवी डिकीत गोणपाटाखाली असते. मी डिकी उघडली, गोणपाट ओढले, आणि ते ओढले जाईना. पत्नीने दुसऱ्या बाजूने हात लावला. गोणपाट निघाले आणि त्याखाली, स्टेपनीच्या भोवती, कोपऱ्यांत, एकावर एक, व्यवस्थित बसवलेले दगड होते. काळे, चपटे, चांगले हाताला बसणारे दगड. डिकी भरून दगड.

मी पत्नीकडे पाहिले.

"हे तू महाडला उतरवत नव्हतीस?"

"मी? मला वाटलं तुम्हालाच हवे असतात! टेबलावर कागद दाबायला नेता की नाय दगड!"

"इतके?"

"मला काय ठाऊक तुमचे कागद किती उडतात!"

आबा पुढे झाले. त्यांनी वरचा दगड दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला, बोटाने त्यावरची पांढरी रेघ चोळली. मग दुसरा उचलला. मग माझ्याकडे इतक्या शांतपणे पाहिले की मला त्या थंडीतही घाम आला.

"ह्यो माझ्या बांधाचा. ह्योपन. आनि ह्यो मी माझ्या हातानं बसवलेला, पायरीचा."

पत्नी जागेवरच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हसू लागली. चाकामागे लावायला दर वेळी डिकी उघडण्याऐवजी हाताशी येईल तो दगड ती घेत असे, आणि हाताशी आबांचा बांध होता.

साक्षीदार क्रमांक तीनने सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की लॉटरी लागली तरी एवढा पसरणार नाही. "आबा," तो म्हणाला, "मला कळलंय तुम्ही अर्ज घालताय. माझं नाव हाय काय त्यात?"

"नाय रे," आबा जमिनीकडे पाहत म्हणाले. "अज्ञात इसम."

"मंग झालं तर! गावला की अज्ञात इसम! पांढऱ्या गाडीतनं येतो, भाकऱ्या खातो आनि बांध घेऊन जातो!"

"गप रे मेल्या!" आबा म्हणाले. पण त्यांचे खांदे हलू लागले होते. "आता ह्याच्यावर अर्ज घालू तरी कसा? लिवनारा ह्योच, आनि चोर बी ह्योच!"

मग मात्र कोणालाच आवरले नाही. पत्नी गाडीला टेकून हसत होती, आबा तांब्या पोटाशी धरून हसत होते, आणि मीही हसलो. पिशवीतला मसुदा मी काढला आणि सर्वांसमक्ष फाडला. हा दुसरा फाडलेला कागद. या वेळी वाईट वाटले नाही.

पाना मिळाला. ब्रेकच्या दांड्याखालचा नट साक्षीदार क्रमांक तीनने ढिला केला आणि मी त्याच्यावर देखरेख केली. मी आत बसलो आणि त्या दोघांनी गाडी ढकलली, तेव्हा ती इतक्या सहज निघाली की पत्नीला ओरडावे लागले, "अहो, पाय! ब्रेकवर पाय!" दगड उतरवून आम्ही बांधावर लावले. आबा सांगत, हा इथला, तो तिथला, आणि आम्ही उचलून देत असू. प्रत्येक दगडाची जागा त्यांना ठाऊक होती. साक्षीदार क्रमांक तीन निम्म्याहून जास्त दगड एकटा वाहत होता आणि प्रत्येक दगडागणिक मला विचारत होता, "ह्यो नको काय पावनं? कागद उडतील!" त्याच्या घरचा चहा आला. कुळथाचे पिठले आणि भाकरी आबांच्या घरी सगळ्यांनी मिळून खाल्ली. गोठ्याच्या जोत्याचा विषय कोणी काढला नाही. आबांनी स्वतःहून विचारले की गोठ्याचे पत्रे कुठून आणणार.

परतीच्या वाटेवर गाडीचा मागचा भाग हलका झाला होता आणि वळणावर ती हसल्यासारखी वळत होती. पत्नीने वास घेतला. करपल्याचा वास नव्हता. पोलादपूरला थांबून मी टाकी काठोकाठ भरली. पंपावरचे माप या वेळी मागितले नाही.

यापुढचे पुरावे पुढीलप्रमाणे. पहिला रविवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी घाट उतरताना पत्नी काट्याकडे माझ्याहून जास्त वेळा पाहत होती. चौथ्या रविवारी कुडपणहून महाडला दारात गाडी उभी केली, तेव्हा तांबडा दिवा लागलेला नव्हता. पत्नीने काट्याच्या काचेवर बोट टेकवून पाहिले, जणू तो अडकला असेल. अडकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने आबांसाठी लसणीची चटणी कुटायला घेतली, तीही चार रविवारांना पुरेल एवढी.

आबांनी शिवणीच्या लाकडाची एक पाचर करून दिली आहे. चाकामागे लावायची आणि दोरीने परत ओढून घ्यायची. त्यामुळे बांध सुरक्षित आहे आणि रस्ताही. मात्र दर रविवारी आम्ही पोहोचलो की पत्नीच्या पायावर पाणी घातल्यावर आबा तांब्या घेऊन गाडीमागे जातातच. मागच्या चाकांवर धार धरतात आणि कान देऊन ऐकतात. काहीच आवाज येत नाही, तेव्हा चाकावर थाप मारून म्हणतात, "थंड हाय. परत आन लेकीला."

सबब, मुंबईस्थित चिरंजीव यांना या निवेदनाद्वारे विनंती करण्यात येते की, सदर गाडीस भंगार, डबा इत्यादी शब्दांनी संबोधून तिची जी बदनामी केली, ती त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात मागे घ्यावी. गाडीचा कोणताही दोष नव्हता. दोष आवळलेल्या ब्रेकचा व डिकीतील दगडांचा होता, आणि ते दोन्ही दूर झाले आहेत. चिरंजीव शिमग्याला घरी येतील तेव्हा त्यांनी स्वतः हीच गाडी चालवून आईला कुडपणला न्यावे, पाचर स्वतः लावावी आणि आपल्या आजोबांसमोर गाडीस निर्दोष जाहीर करावे. याबाबतचे त्यांचे उत्तर शिमग्यापूर्वी आईच्या हाती पडावे, ही प्रार्थना. उत्तर न आल्यास पुढील निवेदन आबा तोंडी देतील, आणि ते माझ्यापेक्षा सविस्तर असेल.